रिपोर्टाची मागची सात पानं

सगळ्या भानगडीची सुरुवात आमच्या चिरंजीवांच्या मायेतून झाली. सिद्धेश अंधेरीला एका कंपनीत नोकरीला आहे आणि तिथं एसीत बसून मुलुंडला घरी असलेल्या आईबापांची काळजी मोबाइलवरून वाहतो. माझ्या साठाव्या वाढदिवसाला त्यानं मला घड्याळ दिलं नाही, शर्ट दिला नाही, रक्ततपासणी दिली. 'जोडप्यासाठी खास पॅकेज, एकावर एक फ्री.' एकावर एक साडी मिळते, साबण मिळतो, हे मला ठाऊक होतं. रक्त काढून घेण्यातही सेल लागतो हे नव्यानं कळलं.

माझं रक्त तपासायला हवंच होतं, हे मी नाकारत नाही. टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून माझं पोट माझ्या दोन पावलं पुढे चालतं आणि आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचताना मी दोनदा कठड्याला टेकतो. शकुचा, म्हणजे माझ्या बायकोचा, प्रश्नच नव्हता. शकु अठ्ठेचाळीस किलो. लग्नातला ब्लाउज तिला अजून होतो आणि दर दिवाळीला कपाट आवरताना ती तो अंगाला लावून दाखवते. दाखवताना माझ्या पोटाकडे बघते. ती रक्त द्यायला बसली ती केवळ पैसे भरलेत म्हणून. "फुकटचं आहे ते वाया कशाला घालवा," म्हणाली आणि हात पुढे केला. वाया घालवणं तिला जमतच नाही. शिळी पोळी, कालचा भात, तळाशी राहिलेली आमटी, कशाचीही गत कचऱ्याच्या डब्यात होत नाही.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट सिद्धेशच्या मोबाइलवर आला, त्यानं तो माझ्याकडे ढकलला. चौदा पानं. पहिली सात माझी, मागची सात शकुची. डॉक्टरांच्या पुढ्यात कागद ठेवल्याशिवाय आजाराला वजन येत नाही असं माझं मत असल्यामुळे आम्ही दोघं मिठागर रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो.

"सगळी काढू, काका?" त्यानं विचारलं.

"माझी कशाला?" शकु म्हणाली. "मला काय धाड भरलीय? कागद फुकट जायचा."

"पहिली सात काढ," मी म्हणालो.

ती सात पानं घेऊन आम्ही डॉक्टर अनुपमांकडे गेलो. वयानं आमच्या मुलीसारख्या, पण बोलायला लागल्या की हेडमास्तरीणबाई. त्यांनी लाल पेनानं दोन आकड्यांभोवती गोल काढले. एलडीएल एकशे अठ्ठेचाळीस. ट्रायग्लिसराइड्स तीनशे दहा. शाळेत गणितात मला एवढे मार्क कधी मिळाले नव्हते.

"काका, कोलेस्टेरॉल म्हणजे काही विष नाही," त्या म्हणाल्या. "शरीराला ते लागतं, आपलं यकृतच ते बनवतं. पण हे एलडीएल जास्त झालं की रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीत साचत जातं. मोरीच्या पाइपात साचतं ना, तसं. दुखत नाही, खुपत नाही. वर्षानुवर्षं माणूस हिंडतो-फिरतो आणि एक दिवस वाट बंद."

"आणि हे दुसरं, लांब नावाचं?"

"ती तुम्ही खाल्लेली आणि न वापरलेली शक्ती. भात, साखर, फरसाण, वडे. शरीर त्याची चरबी करून रक्तातून फिरवत बसतं. चाललात आणि तोंडाला आवर घातलात तर ते भराभर उतरतं." मग त्यांनी पेन उघडून विचारलं, "तुमच्या घरात कोणाला हृदयाचा त्रास? कोणी लवकर गेलं?"

"छे! वडील लालबागच्या गिरणीत होते. आयुष्यभर बांगडा आणि उकड्या तांदळाचा भात. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी झोपेत गेले. आई तर अजून गावाला कुडाळात आहे आणि धाकट्या सुनेशी भांडते."

"छान. मग लगेच गोळी नको. तीन महिने खाणं आणि चालणं सांभाळा. नंतर पुन्हा रक्त तपासू."

शकु सगळा वेळ पर्स मांडीवर धरून गप्प बसली होती. बाहेर आल्यावर मात्र ती फुटपाथवर, शहाळीवाल्याच्या गाडीपाशी, मधेच थांबली.

"मी बाबांना असं जाताना बघितलंय," ती म्हणाली. "बावन्न वर्षांचे होते. अनिरुद्धला बघितलं. अठ्ठेचाळीस. चहाचा कप खाली ठेवला आणि गेला, कप लवंडलासुद्धा नाही. आता तिसरं माणूस मी जाऊ देणार नाही. ऐकताय ना?"

अनिरुद्ध म्हणजे तिचा सख्खा भाऊ. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि शहाळीवाला कोयता हातात धरून आमच्याकडे बघत होता. एरवी मी काहीतरी फटकळ बोललो असतो. तेव्हा "बरं" एवढंच म्हणालो.

घरी आल्यावर मात्र मी वाटाघाटीला बसलो. मला रविवारचं मटण हवं होतं. माणसानं दूरदर्शन सोडावं, सिगारेट सोडावी, राजकारणावर बोलणं सोडावं. पण आयुष्यभर कष्ट उपसल्यावर रविवारी दुपारी पुढ्यात मालवणी मटण आणि वडे असू नयेत, तर मग निवृत्त व्हायचं कशासाठी? शेवटी ठरलं ते असं: तीन महिने काटेकोर पथ्य, नंतर रिपोर्ट चांगला आला तर महिन्यातून एक रविवार मटणाचा. मी दोन मागितले होते. शकुनं एकावर आणलं आणि वर "चरबी काढून" अशी अट घातली.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुधी नांदायला आला. दुधीची भाजी, दुधीचं भरीत, दुधी घालून डाळ. आठवड्याचं तेल शकु एका छोट्या बाटलीत मापून ठेवायची आणि बाटली संपली की रविवारपर्यंत फोडणी पाण्याची. भाजीला तेल थेंबभर, मीठ नावाला, खोबरं बंद. कोकणी माणसाच्या जेवणातलं खोबरं काढल्यावर खाली काय उरतं ते मी तीन महिने रोज बघितलं.

"अगं, हे अळणी आहे," मी रोज म्हणायचो.

"औषध समजून गिळा," ती रोज म्हणायची.

ती स्वतः ती भाजी चाखायचीही नाही. स्वयंपाक करताना चाखायचं नाही, हा तिच्या आईचा नियम. आणि भाजी उरायचीही नाही, कारण माझ्या ताटात वाढलेलं मला संपवावंच लागायचं.

सकाळी मी आणि आमच्या तळमजल्यावरचा अनंत मैदानाला फेऱ्या मारायचो. अनंत माझ्याहून पंधरा किलोंनी जड. दहा फेऱ्या झाल्या की आमची पावलं आपसूक कोपऱ्यावरच्या वड्याच्या गाडीकडे वळायची, ही गेल्या चार वर्षांची शिस्त. पहिल्याच सोमवारी मी हात पुढे केला तर वडेवाल्यानं पाव मागे घेतला.

"काका, सॉरी. काकी येऊन गेल्या."

"काकी? कधी?"

त्यानं गाडीच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. तिथं लक्ष्मीच्या तसबिरीखाली माझा पासपोर्ट फोटो चिकटवलेला होता. पोलीस ठाण्यात लावतात तसा. अनंत त्या दिवशी माझ्यासमोर दोन वडे खाऊन गेला आणि मित्र कसा नसावा ते मला कळलं.

आता घरातलं जे मला बंद झालं त्याचं काय व्हायचं? त्यातच खरी मेख होती. मला अंड्याचं पांढरं चालायचं, पिवळं नाही. शकु रोज दोन अंडी उकडायची, पांढरं मला द्यायची आणि दोन्ही बलक मीठमिरी लावून स्वतः खायची. "टाकू की काय?" मला साय काढलेलं दूध, ती जाडजूड साय शकु भाकरीवर घेऊन खायची. "टाकू की काय?" माझ्या बहिणीनं गावाहून शेवेचे लाडू, खाजं आणि घरच्या तुपाचा डबा पाठवला. शकुनं तिला फोनवर खडसावलं, डबा माझ्या हाताला लागणार नाही अशा फळीवर चढवला, आणि लाडू मऊ पडायला लागल्यावर रोज एक करून संपवले. सिद्धेशचा ऑफिसचा डबा अर्धा परत यायचा, त्यातली तळलेली सुरमई दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या वाट्याला. माझ्या वाटणीचं सगळं वैभव माझ्या डोळ्यांदेखत शकुच्या पोटात जात होतं, आणि तिचा काटा अठ्ठेचाळीसवरून हलत नव्हता. या अन्यायाबद्दल मी देवाकडे रोज तक्रार करायचो.

तीन महिन्यांत माझं वजन सहा किलोंनी उतरलं. कठड्याला टेकणं बंद झालं. पँटला नवं भोक पाडावं लागलं. सिद्धेशनं पुन्हा तेच पॅकेज मागवलं, कारण ऑफर अजून चालू होती आणि मायलेकरांचा स्वभाव एकच. पुन्हा दोघांचंही रक्त गेलं. शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट आला आणि सिद्धेशनं उभ्यानंच वाचून दाखवला. "बाबा, एलडीएल एकशे चार! ट्रायग्लिसराइड्स एकशे बावन्न! झकास!"

शकुनं डोळे मिटून हात जोडले. मग देवापुढे साखर ठेवली. माझ्या हातावर मात्र ठेवली नाही.

रविवार उजाडला. सिद्धेश सकाळीच मित्राकडे बोरिवलीला गेला होता. मी स्वतः जाऊन मटण आणलं, चरबी काढून आणलं. अकरा वाजता स्वयंपाकघरातून भाजलेल्या खोबऱ्याचा आणि कांद्याचा वास यायला लागला, आणि मी बाहेर खुर्चीत बसून देवाकडची सगळी तक्रार मागे घेतली. तेवढ्यात माझ्या मनात आलं की हा रिपोर्ट मैदानावरच्या ग्रुपवर टाकावा. अनंताला दाखवावा. तीन महिने तो माझ्यासमोर वडे खात होता. आता त्याला जरा जळवायला काय हरकत आहे?

मोबाइलवर रिपोर्ट उघडला. माझ्या आकड्यांचं पान शोधता शोधता बोट जरा जास्तच सरकलं आणि समोर लाल रंग आला. एकूण कोलेस्टेरॉल तीनशे अकरा. एलडीएल दोनशे सव्वीस.

प्रयोगशाळेनं चूक सुधारून पाठवली असणार असं वाटलं. मटण गेलं! मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. वर नाव होतं: शकुंतला शरच्चंद्र हळदणकर. स्त्री. वय अठ्ठावन्न.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. 'हुश्श, माझं नाही.' एवढं वाटायला अर्धा सेकंद लागला असेल, पण वाटलं. त्या अर्ध्या सेकंदाची लाज मला आजही वाटते. मग मी जुना रिपोर्ट उघडला, तीन महिन्यांपूर्वीचा, ज्याची पहिली सात पानं काढायला मी सांगितलं होतं. आठव्या पानापासून शकु सुरू होत होती. दहाव्या पानावर एलडीएल दोनशे बारा. तीन महिने ते माझ्याच खिशात होतं. काखेत कळसा म्हणतात तो हा. आणि त्या तीन महिन्यांत माझ्या दुधावरची साय ती खात होती.

मी आत गेलो आणि गॅस बंद केला.

"अहो! पाच मिनिटं राहिलीत!"

"शकु, तुझा रिपोर्ट बघितलास का?"

"माझा कसला?"

मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिनं ओला हात पदराला पुसला, चष्मा नसल्यामुळे लांब धरून बघितलं आणि परत दिला. "मशीन चुकलं असेल."

"दोनदा? तीन महिन्यांच्या अंतरानं?"

"फुकटातलं आहे ते, नीट कोण बघणार? माझं वजन किती? माझ्या अंगावर आहे काय? कसलं कोलेस्टेरॉल साचणार, हाडांत?" तिनं पुन्हा गॅस पेटवला. "तुम्ही जेवून घ्या आधी. तीन महिने वाट बघितलीत. मग बघू काय ते."

"मी नाही जेवणार."

"काय?"

"मला मटण नको."

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. चौतीस वर्षांच्या संसारात मी मटणाला नको म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. आकड्यांनी ती घाबरली नव्हती, त्यानं घाबरली. स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "एवढं वाईट आहे का हो?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिनं "मसाल्याचा वास येतोय केसांना" म्हणून बाजूला केला.

मटण टाकणं शक्यच नव्हतं. ते पातेल्यासकट अनंताकडे गेलं. अनंतानं आपलं रक्त अजून तपासलेलंच नाही, त्यामुळे त्याची तब्येत उत्तम आहे.

सोमवारी सकाळी मी झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही रिपोर्टांची सगळी पानं काढली. डॉक्टर अनुपमांनी माझी बाजूला ठेवली आणि शकुची वाचताना त्यांचा चेहरा हळूहळू हेडमास्तरीणबाईचा राहिला नाही. त्यांनी शकुच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, चप्पल काढायला लावून टाचेमागची जाड झालेली शीर दाबून बघितली. शकु म्हणाली, "ते उभ्यानं काम करून झालंय."

"काकू, तुमच्या माहेरी कोणाला हृदयाचा त्रास?"

"बाबा गेले बावन्नाव्या वर्षी. भाऊ अठ्ठेचाळीसाव्या."

"अचानक?"

"अचानक."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मागच्या वेळी हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही ह्यांच्या घरचं विचारलं होतं," शकु म्हणाली.

भीती तिला माझ्या जाण्याची वाटत होती. बापाचं आणि भावाचं रक्त तिच्या अंगात होतं आणि ती पहारा माझ्यावर करत होती. हे मलाही सुचलं नाही, आणि सुचायला काही डॉक्टर असावं लागत नव्हतं.

"बारीक असण्याचा ह्याच्याशी संबंध नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काही घराण्यांत हे जन्मापासून असतं. यकृत रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही, मग ते साचत राहतं, टाचेमागच्या शिरेतसुद्धा. बायकांचं पाळी गेल्यावर आणखी वाढतं."

"मग मी बलक खाल्ले म्हणून नाही ना?" शकुनं विचारलं. तिला तेवढी खात्री हवी होती.

"बलकांनी, सायीनं, तुपानं थोडी भर घातली. मूळ कारण ते नाही. म्हणूनच नुसतं पथ्य करून हे उतरणार नाही, गोळी लागेल. रोज. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून बंद करायची नाही. तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो." त्यांनी तिथंच कार्डिओग्राम काढला, तो ठीक होता, पुढच्या तपासण्यांसाठी हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. "घाबरू नका. वेळेत कळलंय. पण तुमचा मुलगा, भावाची मुलं, सगळ्यांनी रक्त तपासून घ्यायचं. लवकर." मग वही उघडली. "आता मला सांगा, दुपारी तुमच्या ताटात काय काय असतं?"

"ताटात?" शकु म्हणाली.

"म्हणजे जेवताना काय काय वाढून घेता?"

शकु माझ्याकडे बघायला लागली, जणू उत्तर मला ठाऊक असावं. मी आठवायला लागलो. शकुचं ताट. सकाळी सिद्धेशचा डबा, मग माझं ताट, मग ती ओट्यापाशी उभी, हातात पातेलं, त्यात काय असेल ते. चौतीस वर्षांत मला तिचं ताट आठवेना.

"जे उरेल ते," शकु म्हणाली. "कधी हे, कधी ते."

डॉक्टर लिहायला थांबल्या होत्या. त्यांनी काहीच लिहिलं नाही.

घरी आल्यावर मी दोन ताटं मांडली. भात कुठल्या डब्यात असतो इथपासून मला विचारावं लागलं, पण मांडली. शकु नेहमीप्रमाणे म्हणाली, "तुम्ही बसा, मी मागाहून घेते."

"तू बसल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"हा काय नवीन हट्ट?"

"बस."

ती बसली. खुर्चीच्या टोकावर, कुणी हाक मारली तर उठायला बरं अशी. मी तिच्या ताटात भात वाढला, आमटी वाढली, दुधीची भाजी वाढली. तिनं पहिला घास घेतला आणि चावायची थांबली.

"हे काय आहे?"

"दुधी. तूच केलायस."

"हे असं लागतं?" तिनं आणखी एक घास घेऊन खात्री केली. "हे तुम्ही तीन महिने खाल्लंत?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"रोज बोललो, शकु."

ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी दिलं, आणि ग्लास खाली ठेवताना तिचा चेहरा वेगळाच झाला. "मला भीती वाटतेय हो," ती म्हणाली. स्वतःबद्दल असं काही ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. मलाही वाटत होती. मी तसं सांगितलं.

मग तिनं ताट नीट संपवलं, हात धुतला आणि फोन मागितला. सिद्धेशनं ऑफिसातूनच आपली तपासणी ठरवली होती. एकट्याला ऑफर नव्हती म्हणून पूर्ण किमतीत. राहिला देवेश. अनिरुद्धचा मुलगा, वय एकतीस, राहतो मानखुर्दला. शकुनं फोन स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं: बलकापासून गोळीपर्यंत.

"आत्ये, तू गोळी घे, टेन्शन घेऊ नको," देवेश म्हणाला. "पण मला कशाला सुई टोचायला लावतेस? मी पंचावन्न किलोचा माणूस. ऑफिसात मला काडी म्हणतात यार. मला कसलं कोलेस्टेरॉल?"

मला वाटलं शकु आता चिडणार. चिडली की ती मालवणीत जाते आणि मग समोरच्याची खैर नसते. मालवणीतच गेली, पण आवाज अगदी खाली आला.

"देवेश," ती म्हणाली, "तुझो आजो बारीकच होतो. तुझो बापूस बारीकच होतो."

तिकडे मागे कुठेतरी कुकरची शिटी झाली. शकु फोन दोन्ही हातांत धरून बसली होती.

"सकाळी किती वाजता जाऊ, आत्ये?" त्यानं विचारलं.